शंभर दिवसांची थंडी

घटस्थापनेच्या दिवशी आमच्या घरी दोन पेरण्या होतात. एक देवघरात, घटाखालच्या काळ्या मातीत. ती पत्नी करते. दुसरी न्हाणीघरामागच्या बोळात, जिथे दिवसभर ऊन शिरत नाही. ती मी करतो. देवघरातलं धान्य तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतं आणि दसऱ्यापर्यंत वीतभर वाढून पिवळंधमक होतं. माझ्या मातीत तोवर काही दिसत नाही. रोज सकाळी मी ओलं गोणपाट हलकेच उचलून पाहतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. "उगवलं का तुमचं विलायती?" असा प्रश्न आतून येतो. दसऱ्याला सोनं वाटून झालं, की त्यानंतरच्या एखाद्या सकाळी गोणपाटाखाली टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे आमच्या घरची पॅन्सी.

पॅन्सीचं फूल तुम्ही पाहिलं असेलच. नाव ठाऊक नसलं तरी चेहरा ओळखीचा असतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत जे फुलांचं प्रदर्शन भरतं तिथे, किंवा दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाच्या बागेत, जी आता अमृत उद्यान म्हणून ओळखली जाते, तिथे हे फूल वाफ्यांतून आपल्याकडे टक लावून पाहत असतं. मखमली पाकळ्या पाच. चार वर आणि बाजूला, एक खाली. मधोमध काळसर डाग आणि त्यातून निघालेल्या मिशांसारख्या रेषा. आमची नात त्याला 'मिशीवालं फूल' म्हणते. या मिशा माशीला मधाची वाट दाखवण्यासाठी असतात. व्हायोला ही तिची धाकटी बहीण. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पण एका झाडावर संख्येने कितीतरी जास्त आणि अंगाने अधिक काटक.

फ्रेंच भाषेत 'पाँसे' म्हणजे विचार. किंचित मान झुकवून बसलेलं हे फूल त्या लोकांना विचारात पडलेल्या माणसासारखं वाटलं आणि त्यावरून 'पॅन्सी' हे नाव आलं. आज आपण पाहतो ती पॅन्सी मात्र रानात कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ॲडमिरल लॉर्ड गॅम्बियर यांच्या बागेत विल्यम थॉम्पसन नावाचा माळी होता. रानातल्या तिरंगी व्हायोलाच्या रोपांतून निवड करत, संकर करत त्याने हे फूल मोठं केलं. जुन्या फुलांना नुसत्या रेषा असत. पुढे त्याला एका रोपावर रेषांऐवजी मांजराच्या तोंडासारखा डाग असलेलं फूल दिसलं. आजच्या प्रत्येक पॅन्सीचा चेहरा त्या रोपाकडून आला आहे. पुढे १८६०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जेम्स ग्रीव्ह या माणसाने पॅन्सीचा पिरेनीज पर्वतातल्या रानफुलाशी संकर केला आणि त्यातून बागेतली व्हायोला आली. थोडक्यात, हे घराणं थंड मुलखाचं. अशा फुलाला वर्ध्याला आणणं म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात लोकरीचं दुकान काढण्यासारखं आहे.

मला हे वेड नोकरीतल्या बदल्यांनी लावलं. बँकेतल्या माणसाचं बिऱ्हाड दर तीन-चार वर्षांनी हलतं. भांडी, पुस्तकं आणि मुलांच्या शाळेचे दाखले यांच्याबरोबर माझ्याकडे बियांची एक बाटलीही फिरायची. पहिली पॅन्सी मी नाशिकला लावली. तिथली जानेवारीतली पहाट दहा अंशांच्या खाली जाते. द्राक्षबागायतदार त्या थंडीने धास्तावतात, पण माझी फुलं कपाच्या तोंडाएवढी झाली. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. पुढची बदली मुंबईला झाली आणि तो भ्रम उतरला. तीच माती, तेच शेणखत, तेच बी. पण रोपं लांबुडकी, लुळी झाली आणि फुलं कशीबशी नखाएवढी आली. कारण नंतर वाचनात आलं. पॅन्सी दिवसा उन्हात जे अन्न तयार करते, ते रात्र थंड असेल तरच साठतं. रात्र उबदार असली, की श्वसनाचा वेग वाढतो आणि दिवसाची कमाई रात्रीतच खर्च होते. मुंबईची रात्र समुद्रामुळे उबदार आणि दमट. माझ्या तेव्हाच्या पगारासारखीच गत.

उटीला आम्ही भर मे महिन्यात गेलो होतो. १८४८ साली सुरू झालेल्या तिथल्या सरकारी वनस्पती उद्यानात त्या दिवसांत पुष्पप्रदर्शन भरतं. वर्ध्यात ज्या महिन्यात कुंडीला हात लावला तर चटका बसतो, त्या महिन्यात तिथे पॅन्सी ताज्या टवटवीत उभ्या होत्या. सव्वादोन हजार मीटरची उंची, एवढाच फरक. सिमल्याला हिवाळ्यात गेलो, तेव्हा आणखी एक नवल पाहिलं. पहाटे दंवाने कडक झालेली रोपं जमिनीवर लोळलेली होती. मला वाटलं, गेली. दहा वाजता ऊन आलं आणि तासाभरात ती माना वर करून उभी. गोठताना त्यांच्या पेशींतलं पाणी बाहेर सरकतं, त्यामुळे पेशी फुटत नाहीत. ऊब मिळाली की ते परत आत येतं. बर्फाखाली महिनाभर झोपून वसंतात फुलणारं हे झाड आपल्याकडच्या एका गरम आठवड्यात मरतं. थंडीने ते हरत नाही, उन्हाने हरतं.

नोकरीच्या उत्तरार्धात वर्धा जिल्ह्यात आलो आणि पुढे इथेच राहिलो. इथे पॅन्सी लावायची तर हिशेब साधा पण कडक आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत थंडीचे जेमतेम शंभर दिवस. बी पेरल्यापासून फूल यायला बारा आठवडे लागतात. म्हणजे थंडी पडल्यावर पेरलं तर फूल येईपर्यंत थंडी संपलेली. पेरणी ऑक्टोबरच्या उकाड्यातच करावी लागते, आणि नेमकं त्याच वेळी बी रुसलेलं असतं. पंचवीस-तीस अंशांच्या वर मातीचं तापमान गेलं, की पॅन्सीचं बी झोपून राहतं. म्हणून मी बियांची बाटली आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवतो, घटस्थापनेला पेरतो आणि वर ओलं गोणपाट टाकतो. गोणपाट दोन कामं करतं. त्यातलं पाणी उडताना माती गार होते, आणि या बियांना उगवताना हवा असतो तो काळोखही मिळतो. अंकुर दिसले की त्याच दिवशी गोणपाट काढायचं, नाहीतर रोपं उजेडासाठी ताणतात आणि बुंध्याशी कुजून कोलमडतात.

दुसरी अडचण आमच्या मातीची. विदर्भाची काळी माती कापसाला सोन्यासारखी. पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस गेल्यावरही कपाशी तगते. पॅन्सीची मुळं मात्र त्या ओलाव्यात गुदमरतात. मी एक भाग काळी माती, एक भाग धाम नदीची जाडी वाळू, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग पालापाचोळ्याचं खत असं मिश्रण करतो. तरीही पहिल्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. रोग समजून मी फवारण्या केल्या. दोष रोगाचा नव्हता. काळ्या मातीत चुनखडी असते, आणि आमच्या विहिरीच्या पाण्यातही क्षार एवढे, की पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो. अशा चुन्यात मातीतलं लोह असूनही झाडाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून दोनदा फवारलं आणि पानं हिरवी झाली. आता पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप ठेवतो आणि ते पाणी रोपांसाठी झाकून ठेवतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर चार-पाच पानांची रोपं कुंडीत जातात. सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळावं, मग सावली. पहिलं फूल नाताळच्या आसपास येतं, संक्रांतीला कुंड्या भरलेल्या असतात. मग रोज एकच काम, वाळलेलं फूल देठासकट खुडणं. ते राहिलं तर बोंड धरतं, आणि बी तयार होऊ लागलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. खुडत राहिलं तर ते पुन्हा पुन्हा फुलतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतो आहे, तिच्याकडे येतो. २०१३च्या हिवाळ्यात मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. शाखेच्या पायऱ्यांवर मी पॅन्सीच्या वीस कुंड्या मांडल्या होत्या. पीककर्जाच्या रांगेतली माणसं त्यांच्याकडे पाहत उभी राहायची. त्यांत सेलूकडच्या एका खेड्यातले एक शेतकरी होते. पाच-सहा एकर जमीन, त्यातली दोन एकर विहिरीखाली गहू आणि हरभरा. मी सकाळी झारीने पाणी घालत होतो, तेव्हा ते म्हणाले, "काहून एवढं पानी पाजता जी हिले? ना खाता येत, ना इकता येत." मी हसलो. मग तेच खाली बसून एक फूल निरखू लागले. "थंडीचं हाय हे," ते म्हणाले. "तुमचं फूल मान टाकीन न, त्याच आठवड्यात माह्या गव्हाचा दाना चिमते. पाहा तुमी."

मी ते गमतीवारी नेलं. पीककर्ज मी पंचवीस वर्षं वाटत आलो होतो. एकरी किती रक्कम, सातबाऱ्यावर बोजा, खरिपाच्या कर्जाची मुदत ३१ मार्च, रब्बीची ३० जून, हे सगळं मला पाठ होतं. पण गव्हाच्या ओंबीत दाणा कधी भरतो, त्या दिवसांत रात्र किती गार लागते, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ज्या हवामानावर माझ्या वसुलीची मुदत उभी होती, त्याचा विचार मी फक्त वीस कुंड्यांसाठी करत होतो.

२०१४च्या फेब्रुवारीच्या अखेरीस आभाळ आलं. तेव्हापासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि राज्याच्या इतर मोठ्या भागात गारपिटीने कहर केला. काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे झडले, संत्र्यांचा मृगबहार जमिनीवर आला. आमच्या गावी गारा एका संध्याकाळी पडल्या, अर्धा तास. सकाळी शाखेत आलो तर कुंड्यांत मखमलीच्या चिंध्या पडलेल्या. मला वाईट वाटलं; खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फुलांचंच वाईट वाटलं. टेबलाशी बसलो तोच ते गृहस्थ आले. अंगावर आदल्या दिवशीचेच कपडे, चपलांना शेतातला चिखल. मी सवयीने विचारलं, "किती टक्के नुकसान?" ते समोर उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "सायेब, तुमच्या कुंड्या वाचल्या का जी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा दोन एकर गहू मातीत गेला होता आणि ते माझ्या फुलांची चौकशी करत होते. त्यात टोमणा नव्हता. आपल्यावर आलं तेच दुसऱ्यावरही आलं असेल, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. मग मी नियम सांगितले. पंचनामा होईल, पैसेवारी जाहीर होईल, ती पन्नास पैशांच्या खाली आली आणि वरून आदेश आला तर कर्जाचं पुनर्गठन करता येईल. तोवर हातात काही नाही. नियम खरे होते. पण खरिपाच्या कर्जाचा हप्ता हा माणूस याच गव्हातून भरणार होता आणि ३१ मार्चला उरले होते तीन आठवडे. मी त्या दुपारी त्यांच्या शेतावर गेलो. तसा दंडक नव्हता आणि माझ्या जाण्याने त्यांचा एक रुपयाही माफ होणार नव्हता. फक्त पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा कर्जाच्या अर्जाशिवाय गव्हाचं शेत पाहिलं. पुनर्गठन पुढे झालं, पण उशिरा. मधले महिने त्यांनी सावकाराकडून कसे काढले, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते न विचारणं अजून मला बोचतं.

विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी २००६ साली केंद्राने खास पॅकेज दिलं तेव्हा त्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. आत्महत्यांच्या बातम्या आम्ही बँकवाले आकड्यांत वाचायचो. आकडा वाचायची सवय झाली की माणूस दिसेनासा होतो, आणि ही सवय आम्हाला नोकरीनेच लावलेली असते.

त्यानंतर मी वहीत दोन नोंदी ठेवू लागलो. एक, पॅन्सीने मान कधी टाकली. दुसरी, सेलूकडच्या त्या शेतात गहू कसा उतरला. सेवानिवृत्तीनंतरही ही वही चालू आहे. त्या गृहस्थांचं म्हणणं बऱ्याचदा खरं ठरतं. उष्णतेने पॅन्सीची रात्रीची शिल्लक संपते, तर गव्हाचं पीक घाईने पिकतं. दाणा भरायचे दिवस कमी होतात आणि तो चिमून बसतो. मार्च २०२२मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१पासूनच्या कोणत्याही मार्चपेक्षा जास्त होतं. गव्हाला फटका बसला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. पुढच्याच वर्षी, २०२३चा फेब्रुवारी कमाल तापमानात विक्रमी ठरला. त्या वर्षी माझ्या कुंड्या महाशिवरात्रीलाच वाळल्या. माझ्या वहीत ती एक ओळ आहे. शेजारच्या ओळीत गव्हाची पोती आहेत, आदल्या वर्षीपेक्षा कमी.

मग त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली. बाजारातलं पॅन्सीचं बी बहुतेक संकरित असतं. त्याचं घरचं बी धरलं तर पुढच्या पिढीत रूप टिकत नाही, म्हणून पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कपाशीच्या बियाण्याचंही असंच आहे आणि त्याची पाकिटं कर्जातूनच येतात. मी त्यांना म्हटलं, सर्वांत मोठ्या फुलाचं बी धरून पाहतो. ते म्हणाले, "पयलं फूल सारेच पाह्यतात. जे झाड शेवटी मरते, त्याचं बी ठेवाचं असते." तेव्हापासून मी जुन्या सरळ वाणाचं बी आणलं आणि मार्चच्या उन्हात जी दोन-चार रोपं शेवटपर्यंत तग धरतात त्यांचीच बोंडं ठेवू लागलो. बोंड खाली झुकलेलं असताना थांबायचं, मान वर करून फिकट झालं की लगेच तोडायचं. एक दिवस उशीर झाला तर त्याच्या तीन फाका उघडतात आणि बी टणाटण उडून मुंग्यांच्या स्वाधीन होतं. वाळलेलं बी चाळलेल्या राखेबरोबर बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचं, कारण वर्ध्याच्या उन्हाळ्यात ते बाहेर टिकत नाही. सात-आठ पिढ्या झाल्या. फुलं आता लहान झाली आहेत, पॅन्सीपेक्षा व्हायोलासारखीच दिसतात. प्रदर्शनात त्यांना कोणी विचारणार नाही. पण ती आठ-दहा दिवस जास्त जगतात, निदान मला तरी तसं वाटतं.

तुम्ही म्हणाल, सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर राहून फुलांना पाणी पाजणं शोभतं का? १९३६ साली गांधीजी ज्या शेगावात राहायला आले, ते हे सेवाग्राम. आणि विनोबांनी जिथे कांचनमुक्तीचा प्रयोग केला ते पवनारही इथून जवळच. या दोन गावांमध्ये राहणाऱ्या माजी बँकवाल्याला असे प्रश्न पडायलाच हवेत. माझ्या कुंड्यांना तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी आणि पागोळ्यांचं पिंप पुरतं. मार्चनंतर कुंड्या रिकाम्या असतात. उन्हाळ्यात शेडनेट आणि कूलर लावून त्या फुलवणारे शौकीन आहेत, पण तो माझा मार्ग नाही. पाहुणा आला तितके दिवस राहावा, मग जाऊ द्यावा.

आणि या घराण्याचा एक माणूस इथला रहिवासी आहे, हे मला अलीकडे कळलं. श्रावणात त्या शेतावर गेलो होतो. धुऱ्यावरच्या गवतात वीतभर उंचीचं एक झाड दिसलं. गुलाबी-जांभळं फूल, वरच्या पाकळ्या नावापुरत्या आणि खालची एकच मोठी, फावड्यासारखी. पानांवर काटेरी सुरवंट चरत होते. यजमान म्हणाले, हा रतनपुरुष, वैदू औषधाला नेतात. घरी येऊन पुस्तकात पाहिलं, तर तो व्हायोलाच्याच कुळातला निघाला. सर्दी-खोकल्याच्या काढ्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून आपण जो बनफशा आणतो, तोही याच कुळातला. तो मात्र हिमालयातून येतो. रतनपुरुष कुठूनही आणावा लागत नाही. त्याला कोणी पेरत नाही, पाणी घालत नाही. निंदणीत तो तणाबरोबर उपटला जातो आणि पुढच्या पावसाला पुन्हा येतो.

यंदाही घटस्थापनेला बी पेरीन. बाटलीवर मार्च महिन्याची तारीख लिहिलेली आहे. त्याच सुमारास सेलूकडे सोयाबीन काढून गव्हासाठी रान तयार करण्याची धावपळ असेल. हल्ली दसऱ्याला ते गृहस्थ आपट्याची पानं घेऊन येतात, मागच्या बोळात जातात आणि मला न विचारता गोणपाट उचलून पाहतात. मग दोघंही आभाळाकडे पाहतो. थंडी या वर्षी किती दिवसांची, हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. चहा होतो, आणि जाता जाता ते विचारतात, "उगवलं का जी?" मी म्हणतो, "अजून नाही. तुमची पेरणी कधी?"